बंधाऱ्याची पातळी आणि मागची खोली

"घरात काहीतरी आहे असं वाटतंय. घर विकावं का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला पावसाळ्यात हमखास येतो.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले एक गृहस्थ, तालमीत वाढलेले. "मॅडम, मागच्या खोलीत पाय टाकला की अंगावर काटा येतोय. कोणतरी बसलंय वाटतंय. तालमीत सांगायची लाज वाटतीय." देवऋषी झाला, उतारा झाला, चौकटीला लिंबू-मिरची झाली.

भूत आहे की नाही या वादात मी पडत नाही; तास जातो आणि माणूस परत येत नाही. वही दिली. भीती वाटली की तारीख-वेळ लिहायची, आणि बाहेर काय चाललंय तेही.

तीन आठवड्यांनी वही उघडली. प्रत्येक नोंदीपुढं त्यांच्याच अक्षरात: 'राजाराम बंधारा ३६ फूट', '३८', '३९, इशारा पातळी'. पंचगंगेची पातळी या बंधाऱ्यावर मोजतात; नदीकाठचा माणूस ती बघणारच, त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. उघडीप होती त्या आठवड्यात पान कोरं.

"खोली कुणाची?"

वडिलांची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांना बोटीतून काढून कळंब्याला बहिणीकडं नेलं. "पाणी उतरलं की घरी नेतो," हे रोज सांगितलं. सहाव्या दिवशी ते तिथंच गेले.

पाऊस लागला की पुरात भिजलेल्या भिंती ओलीचा तोच वास सोडतात. मेंदूत वासाची वाट भीतीच्या आणि आठवणींच्या केंद्रांना अगदी लागून आहे. छाती आधी धडधडते, कारण मागाहून शोधलं जातं. अंधाऱ्या खोलीत सापडतं ते 'कोणतरी'. वेल्समध्ये डॉ. रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली लिहिलं, की जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा भास व्हायचा. बहुतेकांना त्याचा आधारच वाटे. आमच्या गृहस्थांना भीती वाटत होती, कारण मध्ये तो न पाळलेला शब्द होता.

(हुकूम सोडणारे आवाज ऐकू येत असते तर मी थेट मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं असतं.)

मग दिवसा, दार उघडं ठेवून पाच मिनिटं खोलीत बसणं सुरू झालं. एकदा वडिलांचा अडकित्ता हातात धरून ते मोठ्यानं बोलले. काय, ते मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मेसेज आला: "४१ फूट. खोलीत चहा घेतला. वास येतोयच."

लिंबू-मिरची अजून तिथंच आहे, बायको काढू देत नाही. मीही काढा म्हणाले नाही.