कोणती बिले परस्पर कापू द्यावीत?

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक आहे. वीज, इंटरनेट, विमा वगैरे सर्व रकमा पेन्शनच्या खात्यातून परस्पर कापल्या जाव्यात, अशी सोय पुण्यातील मुलाने करून दिली आहे. एरवी शून्य येणारे विजेचे बिल या महिन्यात बरेच मोठे आले, ते कापले गेले आणि विम्याचा वार्षिक हप्ता मात्र खात्यात पैसे उरले नसल्याने परत गेला. कोणती बिले या सोयीतून वगळावीत?

उत्तर : आधी विम्याचा हप्ता भरून टाका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला 15 दिवसांचीच. विम्याची रक्कम ठरलेली असते आणि ती चुकल्यास संरक्षणच जाते, म्हणून तो हप्ता व कर्जाचा हप्ता परस्पर कापला जाणेच योग्य.

विजेचे बिल मात्र आपल्या हाती ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर 200 युनिटांच्या वर गेला, की फक्त वरच्या युनिटांचे नव्हे, तर पूर्ण बिल भरावे लागते. त्यामुळे सुट्टीत मुले-नातवंडे आली आणि कूलर दिवसभर चालला, तर शून्याचे बिल एकदम मोठे होऊ शकते. शिवाय घराला कुलूप असल्यास सरासरीवर बिल निघते आणि रीडिंग घेताना चूकही होऊ शकते. पावती कन्नडमध्ये असली, तरी मागील व चालू रीडिंगचे आकडे वाचता येतात. ते मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावेत आणि मगच पैसे भरावेत. पैसे गेल्यावर तक्रार करता येते, पण तोवर पेन्शनरांचा महिना ओढाताणीत जातो.

नळपट्टी मीटरवर असेल तर तिलाही हेच लागू. इंटरनेटची रक्कम ठरलेली असल्यास चालू द्या, मात्र संमती देताना कमाल मर्यादा नेहमीच्या बिलाच्या जवळपासच ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरील अशा कपातीची सूचना किमान 24 तास आधी मिळते, पण खात्याला मुलाचा मोबाईल क्रमांक जोडलेला असेल तर ती पुण्यात वाजेल, निपाणीत नाही. तो क्रमांक आधी तपासून घ्या.

वीज बिलाची संमती यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेच्या, म्हणजे परस्पर कपातीच्या, यादीतून रद्द करता येते. त्याने फक्त कपात थांबते, बिल येतच राहते. ते मुदतीत भरण्याची तारीख आता आपल्यालाच लक्षात ठेवावी लागेल.