मुलांना जेवण आणि हवामान यांचा संबंध कसा शिकवावा?

ऐरोलीतील आपल्या सोसायटीच्या सुट्टीच्या वर्गात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना जेवणाचा हवामानावर होणारा परिणाम कसा समजावावा, आणि 'मांसाहार सोडा' एवढे सांगून भागेल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यातील एका शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकवले. तेवढ्याने भागत नाही, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले.

पहिल्या वर्षी मी मटण, कोंबडी, दूध, डाळ असा हवा तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनाचा उतरता तक्ता भिंतीवर लावला. तक्ता खोटा नव्हता. पण मधल्या सुट्टीत एका मुलाने चेंदणी कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलीच्या डब्याकडे बोट दाखवून "तुझ्यामुळेच गरम होतंय" असे म्हटले आणि ती आठवडाभर डबा उघडेना. तिच्या डब्यात सुके बोंबील होते. हा मासा भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभ्या केलेल्या डोल जाळ्यांत मिळतो, त्यामुळे डिझेल लागते ते मुख्यतः जाण्यायेण्यापुरते. पुढे तो उन्हात वाळतो, त्याला बर्फ किंवा शीतगृह लागत नाही. बोट दाखवणाऱ्या मुलाला मात्र पनीर फार आवडे. किलोभर पनीरला साधारण पाच-सहा लिटर दूध लागते, आणि रवंथ करणाऱ्या गाई-म्हशींच्या पोटात तयार होणारा मिथेन हा असाच हवा तापवणारा वायू ढेकरांवाटे बाहेर पडतो. हा हिशेब मी दुसऱ्या आठवड्यात मांडला तेव्हा वर्ग शांत झाला. (वाढत्या वयातील मुलांचे दूध तोडायचे नाही, हे त्याच तासाला पालकांसाठीही लिहून द्यावे लागले.) तेव्हापासून मी जात, धर्म आणि घरची चूल यांना लागून असलेल्या शाकाहार-मांसाहाराच्या वादाने सुरुवात करत नाही.

सुरुवात उष्ट्याने करावी. आम्ही वर्गात एक बादली आणि वजनकाटा ठेवला. पाच दिवसांत साडेचार किलो अन्न जमले, त्यात बहुतेक पोळी-भाजी. कारण शोधताना मुलांनीच सांगितले की सुट्टी वीस मिनिटांची असते आणि डबा आईच्या मायेने भरलेला असतो. त्यानंतर काही घरांतून एक पोळी कमी येऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे 60 टक्के घरांतून. हा आकडा बादलीनंतर सांगितला तरच मुलांना पटतो.

मग प्रश्न येतो: पोळी कुजली तर हवामानाचे काय बिघडते? डंपिंग ग्राउंडच्या ढिगाखाली प्राणवायू पोहोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. शहापूर-मुरबाडकडे आजोळ असलेल्या मुलांना इथेच भाताचे खाचर आठवते, कारण तुंबलेल्या चिखलातही हेच घडते. पाणी सतत तुंबवून न ठेवता अधूनमधून खाचर सुकू दिले तर मिथेन बराच घटतो, म्हणजे भात न सोडताही मार्ग आहे. नाचणी-वरीला तर तुंबलेले पाणी लागतच नाही.

जमल्यास मुलांना पहाटे वाशीच्या बाजारात न्यावे. तिथले ट्रक पाहून ती वाहतुकीलाच मुख्य दोषी ठरवतील. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थांत शेती आणि गुरांचा वाटा त्याहून मोठा असतो. विमानाने येणारी नाजूक फळे हा अपवाद. जहाजाने न्हावा-शेव्यात उतरणारी सफरचंदे त्यात मोडत नाहीत.

पहिल्या रविवारी फक्त वजनकाटा न्यावा. फळ्यावरची आकडेमोड तिसऱ्या रविवारपर्यंत थांबू शकते, आणि घरी स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कुणी एक-दोघे वर्गात येऊन बसले तर फारच चांगले, कारण डबा तेच भरतात.