दूध उतू का जातं, याचं उत्तर लिहिताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

वाचकांच्या रोजच्या घरगुती प्रश्नांना तू लिहिलेली सहाही विनोदी उत्तरं वाचली. ‘आपण वळल्यावरच दूध उतू का जातं’ याचं उत्तर सगळ्यांत जमलं आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो. ‘दुधाला कौतुक हवं असतं, लक्ष काढलं की ते रुसून पातेलं सोडतं’ हे वाक्य गोड आहे, ते ठेव. पण उत्तर तिथेच संपतं. ज्याने शेगडी पुसता पुसता हा प्रश्न विचारला, त्याच्या हातात काहीच पडत नाही. आधी कारण शोध. विनोद त्या कारणातच सापडतो, आणि तो कुणी उचलून आपल्या नावावर खपवू शकत नाही.

दुधाचं कारण असं. पाणी उकळतं तेव्हा तळाशी तयार झालेला वाफेचा बुडबुडा वर येऊन फुटतो. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. तापताना पृष्ठभागावर त्यांची पातळ साय धरते आणि खालून येणाऱ्या बुडबुड्यांभोवतीही प्रथिनांचं अस्तर चढतं. त्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक रचले जातात, आणि फेस साय उचलून काठाबाहेर पडतो.

आता मूळ प्रश्न: आपण वळल्यावरच का? इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्ही मजेदार आहेत. पहिलं, वेळेचं. लिटरभर दूध मध्यम आचेवर तापायला काही मिनिटं घेतं, आणि त्या वेळात बघण्यासारखं काहीच घडत नाही. मग फेस उठतो तो काही सेकंदांत. कंटाळा यायला लागणारा वेळ आणि दूध वर यायला लागणारा वेळ जवळजवळ सारखा आहे, बिचाऱ्या दुधाचा त्यात काय दोष? दुसरं कारण मला जास्त आवडतं. समोर उभं असतानाही दूध उतू जायला निघालेलंच असतं. पण आपण गॅस बारीक करतो, पळी फिरवतो, फुंकर मारतो. असं वाचवलेलं दूध कुणी मोजत नाही. वर्षभरातल्या तीनशे वाचलेल्या वेळा विसरल्या जातात आणि चार सांडलेल्या लक्षात राहतात. तुझं रुसण्याचं वाक्य या मुद्द्याच्या मागे लाव, म्हणजे ते दुप्पट हसवेल: दूध रोजच रुसतं, आपण रोज समजूत काढतो, हिशेबात मात्र फक्त भांडणं येतात.

शेवटी उपाय दे. पातेलं दोन तृतीयांशच भरावं. फेस काठाकडे येताना दिसला की आच कमी करून पळीने साय मोडावी. पातेल्यावर आडवं लाकडी उलथनं ठेवतात, त्याची थट्टा करू नकोस. कोरड्या, थंड लाकडाला टेकलेले बुडबुडे खरोखर फुटतात. मात्र लाकूड तापून ओलं झालं किंवा आच मोठी असली की उलथन्याचा उपयोग संपतो, हेही लिही. तळाशी टाकायची खळखळणारी चकती मिळते, तिच्याखाली वाफ साठून मोठे बुडबुडे सुटतात. ते साय फोडतात आणि वर आवाजही करतात.

बिस्कीट चहात का मोडतं, याच्या उत्तरात तू बुडालेल्या बिस्किटाला वाचवायला दुसरं बिस्कीट पाठवलं आहेस. हा विनोद सगळ्यांनी वाचलेला आहे, काढून टाक. त्याऐवजी स्वतः मोजून पाहा. ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा, थर्मासमध्ये चहा, मोबाइलमधलं घड्याळ. बिस्कीट अर्धं बुडवायचं: पाच बिस्किटं 1 सेकंद, पाच 2 सेकंद, पाच 3 सेकंद, असं मोडेपर्यंत. दर पाच बिस्किटांनंतर कपात नवा गरम चहा ओत, नाहीतर निवलेल्या चहात शेवटची बिस्किटं जास्त टिकतील आणि तुझा आकडा खोटा ठरेल. बिस्कीट मोडतं ते असं: बारीक छिद्रांतून चहा वर चढतो, साखर विरघळते, पिठातला स्टार्च फुगून मऊ होतो, आणि ओल्या भागाचं वजन ओल्या भागालाच पेलत नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या लेन फिशर यांना बिस्कीट बुडवण्याच्या अभ्यासासाठी 1999 साली इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं. त्यांचा सल्ला असा की बिस्कीट आडवं धरून फक्त खालची बाजू भिजवावी, म्हणजे वरची कोरडी बाजू सगळं तोलून धरते. बशीत चहा ओतून पिणाऱ्यांच्या घरी हा प्रयोग फार सोपा आहे, आणि तुझ्या उत्तरातला विनोद इथेच आहे: आजोबांची बशी विज्ञानाच्या पुढे होती.

इग नोबेल पारितोषिकं 1991 पासून दिली जातात, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला. ती यादी वाचत राहा. ब्रेड लोणी लावलेल्या बाजूवरच का पडतो, याचं रॉबर्ट मॅथ्यूज यांचं उत्तर (लेख 1995चा, पारितोषिक 1996चं) तुला लगेच वापरता येईल. टेबलावरून घसरणारा ब्रेड खाली पोहोचेपर्यंत साधारण अर्धीच गिरकी घेतो, म्हणून वरची बाजू खाली जाते. लोणी निर्दोष आहे, दोष टेबलाच्या उंचीचा. ब्रेड घसरताना दिसला तर पकडायला जाऊ नये, त्याला पुढे जोरात टोला द्यावा. मग काठावर कलंडून गिरकी घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. तसंच गुंतलेल्या दोऱ्याचं. 2007 साली डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी डब्यात दोरा टाकून तो डबा 3,415 वेळा घुसळला, आणि 46 सेंटिमीटरहून आखूड दोऱ्याला गाठ पडलीच नाही. हा 3,415 आकडा नुसता लिहिलास तरी वाचक हसेल. त्याच्याजवळ आणखी विशेषणं ठेवू नकोस.

बसचं उत्तर मात्र पूर्ण बदल. ‘अर्धा तास एकही नाही आणि मग तीन एकदम’ याला तू ‘बसना एकटं फिरायची भीती वाटते’ असं लिहिलंस. हसू येतं, पण गणित त्याहून विनोदी आहे. समज, बस दर 10 मिनिटांनी सुटते आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला 2 माणसं येतात. म्हणजे एका बसला 20 माणसं, चढायला प्रत्येकी 3 सेकंद, एकूण 60 सेकंद. एक बस सिग्नलला अडकून 3 मिनिटं मागे पडली. आता तिच्यासाठी 26 माणसं उभी आहेत, 78 सेकंद गेले, ती आणखी मागे. तिच्या पाठची बस वेळेवर, म्हणजे तिच्यानंतर 7 मिनिटांतच येते, म्हणून तिला 14च माणसं मिळतात, 42 सेकंदांत ती निघते. एकाच थांब्यावर दोघींतलं अंतर 36 सेकंदांनी घटलं, आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर ते अधिक वेगाने घटत जातं. सात-आठ थांब्यांत मागची पुढचीला गाठते. कुणाचीही चूक नाही, चालकाची तर मुळीच नाही. हे आवर्जून लिही, कारण रोज शिव्या त्यालाच बसतात. उपाय वाचकाला आज वापरता येईल असा दे: उशिरा आलेली पहिली बस दाराला लोंबकळेपर्यंत भरली असेल आणि घाई नसेल, तर ती सोड. मागची बहुधा जवळच असते, आणि तीत बसायला जागा असते.

एकटा मोजा का उरतो, हा प्रश्न तू अवघड म्हणून सोडलास. त्याला धुलाई यंत्राची गुपितं लागत नाहीत. 10 जोड म्हणजे 20 मोजे. एक हरवला. दुसरा हरवेल तेव्हा तो नेमका पहिल्याचाच जोडीदार असण्याची शक्यता 19त 1. म्हणजे बहुतेक वेळा दोन मोजे हरवले की दोन विधुर उरतात. सगळे मोजे एकाच रंगाचे घेतले तर दोन हरवूनही 9 जोड शाबूत राहतात. हे उत्तर चार ओळींत संपव, लांबवलंस तर मरेल.

भाषेबद्दल एकच सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत छाप, सुधारू नकोस. ‘दूध मेलं आत्ताच का गेलं’ असं कुणी विचारलं असेल तर ‘मेलं’ राहू दे. आणि हसायचं ते दुधाला, बिस्किटाला, मोज्याला. विचारणाऱ्याला कधीच नाही. हा प्रश्न मूर्खपणाचा वाटेल, ही भीती बाजूला ठेवून त्याने तो तुझ्यापर्यंत आणलेला असतो.

पुढचं उत्तर कांद्याचं लिही. कांदा चिरताना पेशी फुटतात, आतलं एक विकर (एन्झाइम) मोकळं होऊन डोळे चुरचुरवणारा वायू तयार होतो. इतकं पुस्तकात मिळेल, बाकीचं तू मोजायचं. चार कांदे घे, दोन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेले, दोन बाहेरचे. दोन्ही प्रकारांतला एक धारदार सुरीने चिर आणि एक बोथट सुरीने. पंखा बंद ठेव. डोळ्यांत पहिलं पाणी किती सेकंदांनी आलं ते लिहून काढ, आणि डोळे पुरते निवळल्याशिवाय पुढचा कांदा हातात घेऊ नकोस, नाहीतर आधीच्या कांद्याचं रडू पुढच्याच्या नावावर पडेल. चार कांदे वाया घालवू नकोस, सकाळी कर, घरच्यांच्या पोह्यांना पुरतील.

तुझा स्नेहांकित