टोर्नेडो जंगलाचं काय करतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 2024 च्या ऑगस्टमधे गोदावरीपलीकडे तेलंगणात मेडारम-ताडवाईच्या जंगलात एकाच वाऱ्यात हजारो झाडं आडवी झाली. आमच्याकडचे लोक तिथे जत्रेला जातात म्हणून जरा जास्तच लागलं मनाला. तो टोर्नेडो होता का? आणि ते जंगल आता संपलं असं समजायचं का?
– एक वाचक, सिरोंचा

उत्तर : 31 ऑगस्टची ती घटना, एटुरनागारम अभयारण्याचा भाग, वनविभागाने सांगितलेला आकडा साधारण 50 हजार झाडांचा. टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या गरगरत्या वाऱ्याचा, संशय तेव्हाच घेतला गेला, पण ढगातून हवा धाडकन खाली आदळते ना, त्याला डाउनबर्स्ट म्हणतात, त्यानेही असंच होऊ शकतं. मग ओळखायचं कसं, तर झाडं कुठल्या दिशेला पडलीत ते वरून बघायचं. डाउनबर्स्टमधे ती एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पसरून पडतात आणि टोर्नेडोत वळणावळणाने, एका पट्ट्यात, आतल्या बाजूला तोंड करून. 21 जुलै 1987 ला अमेरिकेत वायोमिंगच्या टीटन डोंगरात असा टोर्नेडो झाला, तो सुमारे 10 हजार फुटांवरून डोंगर ओलांडून गेला आणि 39 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात दहा लाखांच्या आसपास झाडं पाडली. टोर्नेडोची तीव्रता मोजायची एफ-स्केल (0 ते 5) ज्यांच्या नावाची आहे त्या हवामानशास्त्रज्ञ फुजितांनी विमानातून काढलेले फोटो बघत बघत, पडलेल्या झाडांवरूनच त्याचा नकाशा केला, आणि तीव्रता एफ-4 ठरवली.

आता जंगल संपलं का. नाही हो! अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात टायनेस्टा म्हणून हेमलॉक आणि बीचचं जुनं जंगल आहे, तीन-तीनशे वर्षांची झाडं, 31 मे 1985 च्या टोर्नेडोने त्यातला मोठा पट्टा झोपवला, आणि तिथलं लाकूड उचललं नाही, तसंच पडू दिलं. झाड मुळासकट उपटलं की एका बाजूला खड्डा होतो, दुसरीकडे मुळांना धरून आलेल्या मातीचा उंचवटा. जमिनीवरचा पाचोळ्याचा थर फाटून आतली कोरी माती वर येते आणि पिवळ्या बर्चसारखं बारीक बी तिथे पटकन रुजतं. खड्ड्यात मात्र पाचोळा आणि पाणी साचतं, तिथे फारसं काही टिकत नाही. शिवाय त्या भागात हरणं फार, कोवळं रोप दिसलं की खाल्लं, पण उंचवट्यावर आणि आडव्या फांद्यांच्या जाळ्यात त्यांचं तोंड पोचत नाही, म्हणून हेमलॉकची रोपं नेमकी तिथे वाचतात. त्याच फांद्या आपण "साफसफाई" म्हणून उचलतो!

म्हणून माझं मत विचाराल तर वाऱ्यापेक्षा नंतर येणाऱ्या ट्रॅक्टरची जास्त भीती वाटते, माती दाबली जाते, रोपं चिरडतात, ओढलेल्या ओंडक्यांनी जमीन खरवडली जाते. रस्त्याकडेचं आणि गावाला लागून असलेलं लाकूड काढावंच लागतं, आगीचा धोका असतो (टीटनच्या त्या पट्ट्यातला काही भाग पुढच्याच वर्षी, 1988 च्या वणव्यात जळाला), पण आतलं राहू द्यावं. आपल्याकडे साग, तेंदू वगैरे बुंध्यातून मोडले तर फुटवा येतो, मुळासकट गेले तर अवघड. आणि ऊन मोकळं झालं की घाणेरी आणि रानमोडी ही तणं आधी घुसतात, माणसं लावायचीच असतील तर ही तणं उपटायला लावा.

प्रश्न : टोर्नेडोनंतर बुरशीचा आजार होतो असं वाचलं. खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, पण क्वचित. अमेरिकेत मिझुरीतल्या जॉपलिन गावात 22 मे 2011 ला इएफ-5 (एफ-स्केलच्या सुधारित रूपातली सगळ्यात वरची पायरी) टोर्नेडो झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि जखमींपैकी 13 जणांना म्युकरमायकोसिस झाला, त्यातले 5 वारले. कोविडमधे जो नाका-सायनसमधून झाला त्याच घराण्यातला आजार, आणि ही बुरशी मातीतली, सडक्या पाल्यातली. एरवी ती गपचूप पाला कुजवत बसलेली असते, वाऱ्याने तिला माती आणि लाकडाच्या कपच्यांसकट थेट जखमेत नेऊन घातलं. अशा वादळात लागलेली जखम वरवर धुऊन टाके घालणं म्हणूनच धोक्याचं, आत कपची राहिली का ते बघावंच लागतं.

प्रश्न : पक्ष्यांना आधी कळतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : 2014 च्या एप्रिलमधे अमेरिकेतल्या टेनेसीत एक गंमत झाली. गोल्डन-विंग्ड वॉर्बलर, जेमतेम 9 ग्रॅमचा पक्षी, काहींच्या अंगावर अभ्यासकांनी बारीक यंत्रं लावली होती आणि टोर्नेडोची वादळं यायच्या दिवसभर आधीच ते विणीची जागा सोडून निघून गेले, पाचेक दिवसांत 1500 किलोमीटरच्या वर फिरून परतसुद्धा आले. तेव्हा तिथे हवेत बदल असा काही जाणवत नव्हता. वादळातून निघणारा, आपल्याला ऐकू न येणारा खालच्या पट्टीतला आवाज त्यांनी ऐकला असावा असा अभ्यासकांचा अंदाज. मात्र नोंदी पाचच पक्ष्यांच्या आहेत, तेव्हा अंगणातल्या चिमण्या उडाल्या म्हणून लगेच घर सोडू नका.