६जीसाठी टेराहर्ट्झ, एआय की आरआयएस? नेमकं कशात स्पेशलायझेशन करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नागपुरातच ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहात, सेमिनारला विषय हवा आहे आणि पुढे त्यातच करिअर करायचं आहे. पर्याय तीन दिलेत: टेराहर्ट्झ (अतिउच्च फ्रिक्वेन्सी), एआय आणि आरआयएस (लहरी हव्या तिकडे वळवणारे पृष्ठभाग). चौथा कोणीच देत नाही, म्हणून जेवण झाल्यावर झोपायचं सोडून हे लिहायला बसलो. चौथा पर्याय म्हणजे घड्याळ.

मी बारा वर्षं मोबाइल टॉवरवर काढली आहेत. डिप्लोमा आहे, बी.ई. नाही. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याचा संबंध येतो.

२०२४ ची संक्रांत सोमवारी होती. नागपूरची संक्रांत तुम्हाला सांगायला नको. महाल, जुनी शुक्रवारी, इतवारी या पट्ट्यात त्या दिवशी गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, दिवसभर ‘ओऽऽ काट’. मंगळवारी किंक्रांतीला सकाळी दहापासून त्याच भागातल्या तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच: टॉवर फुल्ल दाखवून राहिला, पण फोटो जाऊन नाही राहिला. एका किराणावाल्याने तर मला फोनवर ऐकवलं, “भाऊ, पैसे कटले म्हणते गिऱ्हाईक, माझ्या डब्यात आवाज येऊन नाही राहिला.”

३.५ गिगाहर्ट्झच्या सात साईट्सवर (टॉवरवर) अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूचा, नॉइज चढला होता. एका रिसोर्स ब्लॉकमागे (स्पेक्ट्रमचा छोटा तुकडा) तो −११६ डीबीएमच्या आसपास असायला हवा, तिथे सरासरी −१०६ दिसत होती, म्हणजे दहापट. पुण्याच्या साहेबांनी कॉन्फरन्स कॉलवर पाच मिनिटांत निकाल दिला: बाहेरचा रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून पुढे टाकणारं यंत्र. इतवारीतल्या कोणातरी व्यापाऱ्याने दुकानात बेकायदा बूस्टर लावला असणार. शंका वाजवी होती, तसं घडतंही. लगेच दोन पोरं स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि दिशादर्शक अँटेना घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागली. दोन दिवस फिरली. इतवारीत असं यंत्र घेऊन फिरा, दर दहा पावलांवर कोणीतरी विचारतं, “काय शोधून राहिले बे, सोनं?”

मला खटकलं ते वेगळंच. नकाशावर या सात साईट्सच्या बरोबर मध्ये आठवी साईट होती, जुनी शुक्रवारीतल्या एका पाच मजली इमारतीवर. ती एकदम स्वच्छ. −११६. भोवताली सगळीकडे ताप आणि मधल्या घरात कोणी शिंकत नाही, असं कसं?

बुधवारी रात्री एनओसीतल्या (नेटवर्कवर नजर ठेवणारं केंद्र) एका मुलीला फोन करून सिम्बॉलवार ट्रेस मागितला. तिने रात्रपाळीत काढून पाठवला. स्लॉट म्हणजे वेळेचा छोटा तुकडा, त्याचे आणखी बारीक तुकडे म्हणजे चौदा सिम्बॉल. पहिले तेरा −११६, चौदावा −९५. सरासरी काढली की हेच −१०६ होतात. रिपीटर असता तर चौदाही चढले असते, कारण रिपीटरला काय कळतं की आता कितवा सिम्बॉल चालू आहे? गुरुवारी सकाळच्या ट्रेसमध्ये तेराव्यालाही लागण झालेली. म्हणजे काहीतरी रोज थोडं थोडं सरकत होतं.

आमच्याकडे टीडीडीचं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलण्या-ऐकण्याचं, चक्र पाच स्लॉटचं आहे: तीन डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे), एक मिश्र, एक अपलिंक. मिश्र स्लॉटमध्ये डाउनलिंक संपून अपलिंक सुरू होण्याआधी चार सिम्बॉलांची शांतता, साधारण १४० मायक्रोसेकंद. पण उलट्या बाजूला, अपलिंक संपून पुन्हा डाउनलिंक सुरू होताना, जेमतेम १३ मायक्रोसेकंद मिळतात. एखाद्या टॉवरचं घड्याळ पुढे धावायला लागलं, तर तो आपलं डाउनलिंक लवकर सुरू करतो, आणि त्या वेळी शेजारचे टॉवर अजून फोनचं ऐकत असतात. फोन बोलतो ०.२ वॉटने, टॉवर दोनशेने. शेजाऱ्यांचे शेवटचे सिम्बॉल गेले. आणि नेमक्या त्या शेवटच्या एकदोन सिम्बॉलांतच बरेचदा फोन ‘डेटा मिळाला’ अशी पोच पाठवतो, म्हणून डाउनलोडही अडखळतं. पण ज्याचं घड्याळ पुढे गेलं, त्याचं स्वतःचं अपलिंक मात्र शेजाऱ्यांच्या त्या लांब शांततेत सुरू होतं. त्याला काहीच होत नाही. गल्लीत चोरी आणि चोराच्याच घराला कुलूप शाबूत.

हे मी गुरुवारच्या कॉलवर सांगितलं. साहेब म्हणाले, “ती साईट हेल्दी आहे, तिला हात लावू नका.” मी ट्रेसचं सांगायला लागलो तर, “तुमचं शिक्षण काय हो?” अठरा माणसं कॉलवर होती. मी म्हटलं डिप्लोमा. पुढे कोणी काही बोललं नाही.

दुपारी मी न विचारता गच्चीवर चढलो. घरमालकीण काकू पापड वाळत घालत होत्या. जीपीएसची अँटेना, ती पांढरी कुत्र्याच्या छत्रीसारखी दिसते ती, क्लॅम्प तुटून केबलला उलटी लटकत होती. तोंड आकाशाकडे नाही, टाकीच्या भिंतीकडे. भोवती बंदी असलेला नायलॉन मांजा गुंडाळलेला आणि एका जांभळ्या पतंगाची काडी. काकू म्हणाल्या, “पोरं आलती बाप्पा सोमवारी. बांबूनं हलवू हलवू पतंग काढून राहिले होते. मी म्हटलं, शॉक लागंल रे.”

अलार्म आला नव्हता का? आला होता. जीपीएस लॉक, म्हणजे या अँटेनातून उपग्रहांकडून मिळणारी अचूक वेळ, गेल्याचे अलार्म इतके येतात की आमच्याकडे ते किरकोळ यादीत टाकून ठेवले होते. लॉक गेला की बेस स्टेशन (टॉवरचं यंत्र) आतल्या क्रिस्टलच्या घड्याळावर चालतं, ठरावीक तासांनी त्याने रेडिओ बंद करायला हवा. ती सेटिंगही ‘ग्राहकांना त्रास नको’ म्हणून काढलेली. ग्राहकांचा त्रास वाचवायला केलेली सोय सात साईट्सच्या ग्राहकांना भोवली.

अँटेना सरळ केली, क्लॅम्प तात्पुरता तारेने बांधला. दहा मिनिटांत लॉक आला आणि लॉगमध्ये दिसलं की बेस स्टेशनने ७० मायक्रोसेकंदांची दुरुस्ती घेतली. तीन दिवसांत ७०, म्हणजे क्रिस्टल एक अब्ज भागांत ०.३ भागाने पुढे धावत होता. मनगटावर असं घड्याळ असतं तर सेकंदभर पुढे जायला शंभर वर्षं लागली असती. टीडीडीत मुभा आहे ±१.५ मायक्रोसेकंदांची.

सातही साईट्स स्वच्छ झाल्या. अहवालात लिहिलं गेलं: बाह्य व्यत्यय, निराकरण झाले.

आता तुमचा प्रश्न. ६जीत जे जे म्हणून मिरवलं जातंय, त्याच्या तळाशी वेळ आहे. सेल-फ्री मॅसिव्ह मिमो घ्या. दहा ठिकाणचे अँटेना एकाच फोनकडे एकाच वेळी असं बोलणार की सगळ्यांच्या लहरी तिथे एकात एक बसल्या पाहिजेत. ७ गिगाहर्ट्झला एक आवर्तन १४३ पिकोसेकंदांचं. त्याच्या दहाव्या हिश्श्यात राहायचं म्हटलं तर मुभा उरली १४ पिकोसेकंद, आजच्या मुभेच्या एक लाखाव्या हिश्श्याएवढी. नेटवर्कनेच रडारचं काम करायचं, म्हणजे सेन्सिंग, त्यातही हेच: एक नॅनोसेकंद चुकला की प्रकाश ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) २०२३ च्या आयएमटी-२०३०, म्हणजे ६जीच्या, आराखड्यात स्थाननिश्चितीचं लक्ष्य १ ते १० सेंटिमीटर आहे. उपग्रह जोडायचे तर खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो, अंतर क्षणाक्षणाला बदलतं, म्हणजे सिग्नलला लागणारा वेळही.

टेराहर्ट्झवर माझं मत विचाराल तर ते सेमिनारला उत्तम आहे, नेटवर्कला नाही. १४० गिगाहर्ट्झवर गेलात की ३.५ च्या तुलनेत मोकळ्या हवेतच ३२ डीबी जादा जातात, म्हणजे सिग्नल दीड हजारपटीहून कमी, भिंत आणि कडुलिंब वेगळे. २६ गिगाहर्ट्झ २०२२ च्या लिलावात विकला गेला. तुमच्या खिशातला फोन तो पकडतो का, एकदा बघा. जागतिक रेडिओ परिषदेने २०२३ मध्ये अभ्यासाला घेतलेले पट्टे बघितले तर ४.४, ७ ते ८.४ आणि १५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आहेत, निर्णय २०२७ मध्ये. पैजच लावायची तर ७ वर लावा. तरंगलांबी अर्धी होते, तेवढ्याच पॅनेलमध्ये चौपट अँटेना बसतात आणि टॉवर आहेत तिथेच राहतात.

आरआयएस म्हणजे भिंतीवर लावायचा शहाणा आरसा. त्याला कधी वळायचं हे सांगायला परत वेळ जुळलेली लागतेच. एआयबद्दल एवढंच: आमच्या त्या डॅशबोर्डवर प्रत्येक साईटच्या तब्येतीचा रंग आपोआप ठरतो, आणि जुनी शुक्रवारीची साईट चारही दिवस हिरवीगार होती. साहेबांनी तो रंग बघूनच मला गप्प केलं.

म्हणून ऑसिलेटर (घड्याळाचं ठोके देणारं सर्किट) शिका, फेज नॉइज (त्या ठोक्यांची थरथर), पीएलएल (एक ठोका दुसऱ्याशी जुळवणारं सर्किट), आयईईई १५८८ (नेटवर्कवरून वेळ पाठवायचं मानक). फायबरवरून वेळ पाठवताना जाण्याच्या आणि येण्याच्या तारेत दहा मीटरचा फरक पडला तर घड्याळ २५ नॅनोसेकंद चुकतं. सिमेंट रोडच्या खोदकामात केबल तुटून जोडली गेली की हा फरक कसा पडतो, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा आमच्या फायबरवाल्या पोरांकडे चांगलं कळेल. सेमिनारला देशी उदाहरण हवं असेल तर आपल्या नाविकचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएसचं, घ्या. पहिल्या उपग्रहातली आयात केलेली तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली आणि उपग्रह असून नसल्यासारखा झाला. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपण स्वतः बनवलेलं अणुघड्याळ आहे. यावर वर्गातलं कोणी बोलणार नाही, खात्री बाळगा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. सेल-फ्रीमध्ये प्रत्येक घड्याळ पिकोसेकंदात बरोबर असावं असं नाही, एकमेकांतला फेजचा (लहरींच्या चढउताराचा) फरक हवेतूनच मोजून सुधारता येतो, त्यावर भरपूर काम चालू आहे. टेराहर्ट्झचा तोटाही अँटेना वाढवून बराच भरून निघतो, कारखान्यात किंवा दोन टॉवरांमध्ये तो चालेलही. एआयने चॅनेलचा अंदाज घेणं ही खरी गोष्ट आहे, माझ्या रागापायी सोडू नका. आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘सिंक्रोनायझेशन’ हा शब्द क्वचितच दिसेल, हेही खरं. कॅम्पसला एआय लिहा, घरी घड्याळ वाचा.

नोकरी लागली की एक काम पहिल्या दिवसापासून करा. ट्रेस काढला, गच्चीवर चढलात, की ईमेल टाका, तारीख-वेळेसकट, कॉलवर तोंडी सांगू नका. मी तोंडी सांगितलं होतं. आणि साहेब, हे उत्तर फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलंच तर, ते तिकीट अजून ‘बाह्य व्यत्यय’ म्हणूनच बंद आहे. तेवढं उघडून दुरुस्त करून घ्या. क्लॅम्पही अजून तारेनेच बांधलेला आहे, आणि जानेवारी परत येतोय.