नोकरी सोडा, कुडाळला जा. जमीन मात्र घेऊ नका

प्रश्न: मी 36 वर्षांची, अविवाहित, पुण्यात एका अ‍ॅनिमेशन कंपनीत चित्रकार आहे. हातात 92,000 येतात. नोकरी सोडून कुडाळजवळ पिंगुळीला राहायचं, चित्रकथी शिकायची, मुलांची सचित्र पुस्तकं करायची आणि वर्षातले दोन-तीन महिने हिंडायचं, असं ठरवतेय. एफडी 6 लाख, म्युच्युअल फंड साडेचौदा लाख, पीएफ 11.20 लाख, बचत खात्यात 1.30 लाख. यातून 12 लाखांचा पाच गुंठ्यांचा तुकडा घेऊन 15 लाखांत छोटं घर बांधावं म्हणते. बाहेरची कामं करून गेल्या वर्षी 4.10 लाख मिळाले. आई म्हणते, वेड लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: नमस्कार. वेड लागलेलं नाही. तुम्ही बिलांची यादी जोडलीत, तिथेच मला कळलं की ही बाई विचार करून पाऊल टाकतेय. जा, असंच मी सांगेन. पण तुमच्या बेतातलं घर मला खटकतंय.

आधी हिशेब. कुडाळचा खर्च तुम्ही 26,000 धरलाय. त्यात आईला दरमहा देता ते 8,000 नाहीत, दोघींचा आरोग्य विमा नाही आणि शिकण्याचा खर्चही नाही. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, ही पिंगुळीच्या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे शिकाल त्यांना मोबदला पहिल्या महिन्यापासून द्या, तो उरलेल्या पैशांवर सोडू नका. सगळं धरून मी महिन्याला 40,000 मानते.

घर बांधलंत तर 27 लाख जातील, त्यासाठी पीएफही मोडावा लागेल आणि उरलेले पैसे, ग्रॅच्युइटी धरून, पावणेदोन वर्षं पुरतील. घर नाही बांधलं, तर पीएफला हात न लावता, एक रुपयाही न कमावता पाच वर्षं निघतात. तुम्हाला मोकळेपणा हवाय ना? तो या पाच वर्षांत आहे. घरात पैसा अडकला की दुसऱ्याच वर्षी, पटो न पटो, मिळेल ते काम घ्यावं लागेल.

त्यातून तो तुकडा शेतजमिनीचा आहे. ‘आत्ता साठेखत (खरेदीचा आगाऊ करार) करा, एनए (बिगरशेती) नंतर होईल,’ असं एजंट म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. तुमच्या नावावर कुठे शेती नाही. एनए झालेला नसेल तर त्या तुकड्यासाठी एक रुपयाही देऊ नका. सातबाऱ्यावर 14 नावं आहेत, त्यातली काही मुंबईत. कोकणात अशा सामाईक जमिनीत एक सही अडली की वर्षं जातात. पुढेमागे घ्यायचीच झाली तर आधी तालुक्याच्या ठिकाणी वकिलाकडून मालकीचा शोध घ्या. आत्ता भाड्याने राहा.

आता तुमची बिलं. 23 पैकी महिन्याच्या आत फक्त सहांचे पैसे आले. ऑगस्टमधल्या मुखपृष्ठाचे जानेवारीत आले. नोकरीचा पगार होता म्हणून हे तुम्हाला जाणवलं नाही. 4.10 पैकी 2.40 लाख एकाच प्रकाशनाकडून आलेत, याचीही मला काळजी वाटते. ते काम बंद पडलं तर महिन्याला 14,000 उरतात. दुसरं, तिसरं मोठं गिऱ्हाईक नोकरीत असतानाच जोडा. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन फुकट होते. तुम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेल्या असाल तर घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, उशिरावर व्याजही लागतं. नोंदणी क्रमांक बिलावरच छापा. काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे मागायला लाजू नका. दहा टक्के टीडीएस कापलेला दिसतो. पगार आहे तोवर तो तुमच्या करात वळता होतो; नोकरी सुटल्यावर वर्षभर फक्त एवढंच उत्पन्न असेल तर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, तेव्हा विवरणपत्र भरून तो परत घ्या.

माझे वडील पेंटर होते, दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवायचे. पावसाळ्यात भिंती ओल्या, काम बंद. दिवाळीला आणि निवडणुकीला मात्र रात्र रात्र काम. मे महिन्यात शेवटचं मोठं बिल आलं की ते आधी वाण्याकडे जायचे आणि जून ते सप्टेंबरच्या किराण्याचे पैसे आगाऊ ठेवायचे. वाणी म्हणायचा, लोक उधारी ठेवतात, हा पेंटर जमा ठेवतो. माझ्या धंद्यातलं बरंचसं शहाणपण मी तिथे शिकले. तुम्हीही हेच करा, फक्त वाण्याच्या जागी बँक. कामाचे सगळे पैसे एका वेगळ्या खात्यात येऊ द्या. सुरुवातीला एफडीतले 2.40 लाख, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, त्यात टाका. दर एक तारखेला त्यातून 40,000 घरखर्चाच्या खात्यात. एखाद्या महिन्यात लाख आले तरी 40,000च, काहीच आलं नाही तरी 40,000च. शिल्लक 1.20 लाखांखाली गेली की तीन महिने कुठल्याही स्टुडिओचं काम घ्यायचं. ते कमीपणाचं मानू नका. आधीच ठरवून ठेवलं की त्या वेळी मन खचत नाही. आणि शिल्लक चार लाखांवर गेली तर वरचे पैसे घेऊन खुशाल हिंडायला जा.

एफडी, बचत आणि ग्रॅच्युइटी मिळून दहा लाख होतात, म्हणजे दोन वर्षांची सोय. तेवढा काळ म्युच्युअल फंड मोडू नका, बाजार पडला तरी तुम्हाला विकायची घाई नसेल. पीएफ तिथेच राहू द्या. नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र होतं, एवढं लक्षात ठेवा.

ग्रॅच्युइटीवरून आठवलं. तुमची 8 वर्षं 3 महिने झालेत, नोटीस दोन महिन्यांची. आत्ता दिलीत तर 8 वर्षं 5 महिन्यांना बाहेर पडाल. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. मूळ पगार 52,000, त्याला 15 ने गुणून 26 ने भागलं की वर्षाचे 30,000. नोटीस दीड-दोन महिने उशिरा द्या, नऊ वर्षांचे 2.70 लाख मिळतील. वरचा हिशेब मी तसाच धरलाय.

त्या दोन महिन्यांत विम्याचं काम उरका, हे सगळ्यात तातडीचं. आई 63 वर्षांच्या, बीपी आहे आणि तुमच्या कंपनीच्या गटविम्यात आहेत. राजीनाम्याबरोबर तो विमा संपेल. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे त्याच विमा कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात. बीपी लपवू नका.

भाड्याचं घर बघायला जुलैत जा. छप्पर कुठे गळतं, ओल किती चढते, वीज किती तास जाते, हे तेव्हाच कळेल. तुमचे कागद आणि रंग त्याच घरात राहणार आहेत.