सिंगापुरात पिण्याचा खर्च : आधी सहलीचा क्रम उलटा करा

तुमचा बेत असा आहे: दोघंजण, आधी क्वालालंपूर, तिथून बसने सिंगापूर, चार रात्री लिटिल इंडियात मुक्काम, रोज संध्याकाळी माणशी दोन ड्रिंक. खर्च किती धरायचा आणि बाटली सोबत न्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

करमुक्त बाटली जरूर घ्या, पण त्याआधी सहलीचा क्रम बदला. सिंगापूर आधी, क्वालालंपूर नंतर. मलेशियातून येणाऱ्या प्रवाशाला सिंगापुरात मद्यावर करमाफी मिळतच नाही, मग तो बसने येवो वा विमानाने. ट्रॅव्हल कंपन्यांच्या ठरलेल्या सहलींत हे कुणी सांगत नाही आणि सीमेवर बाटली पिशवीतून निघाली की कर भरायची वेळ येते. दुसरी अट अशी की येण्याआधी सलग ४८ तास सिंगापूरबाहेर असायला हवं. म्हणजे बोटीने एका दिवसात इंडोनेशियाच्या बाताम बेटावर जाऊन आलात, तर परतताना घेतलेल्या बाटलीवरही माफी नाही. वय १८ पूर्ण हवं.

मुंबईहून थेट गेलात तर माणशी २ लिटर करमुक्त. इथे आपल्या लोकांची ठरलेली चूक होते. भारतात येताना कुठलंही मद्य २ लिटर चालतं, सिंगापुरात तसं नाही. व्हिस्की, रम, व्होडकासारखं कडक मद्य माणशी १ लिटरच. त्याच्या जोडीला १ लिटर वाइन किंवा १ लिटर बिअर घेता येते. कडक मद्य नकोच असेल तर २ लिटर वाइन, २ लिटर बिअर किंवा दोन्ही एकेक लिटर. एकाच माणसाच्या पिशवीत व्हिस्कीच्या दोन लिटर-बाटल्या असल्या, तर दुसरी पूर्ण करपात्र. ती असेल तर स्वतःहून कस्टम्सच्या लाल मार्गाला जाऊन कर भरा. हिरव्या मार्गाने निघून पकडले गेलात तर करावर दंडही बसतो.

आता ही माफी कशावर खर्च करायची? सिंगापूर बाटलीच्या किमतीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर अबकारी कर लावतं. वाइन आणि कडक मद्याला शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर, बिअरला ६०, आणि आयात बिअरवर त्याशिवाय १६ डॉलर सीमाशुल्क. या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी. यातून गणित सरळ निघतं. ४० टक्क्यांच्या १ लिटर व्हिस्कीत ०.४ लिटर अल्कोहोल, म्हणजे ३५.२० डॉलर अबकारी. १३ टक्क्यांच्या ७५० मिलि वाइनवर साधारण ८.६०. पण ५ टक्क्यांच्या २ लिटर बिअरवर जेमतेम ६ ते ७.६०. म्हणून करमाफीत बिअर घेणं म्हणजे हक्क वाया घालवणं. व्हिस्की आणि वाइनची एकेक बाटली घेतली तर जीएसटीसकट माणशी सुमारे ४८ डॉलर वाचतात. डॉलर ७० रुपयांचा धरला तर सुमारे ३,३५० रुपये.

याच कारणामुळे शहरातल्या दुकानात स्वस्तातली व्हिस्की घेणं सर्वांत तोट्याचं. शंभर डॉलरची असो वा तीस-पस्तीसची, माप आणि तीव्रता सारखी असेल तर दोन्हींवर अबकारी तेवढीच, त्यामुळे हलक्या बाटलीच्या किमतीत बहुतेक वाटा कराचाच असतो.

तरीही चार रात्रींसाठी दोघांत मिळून एकच लिटर घ्या. ६० मिलिचे १६ पेग होतात. फोडलेली बाटली चेक-इन सामानात घालून पुढे क्वालालंपूरला न्यायचा विचार करू नका. विमान कंपन्यांना मूळ सीलबंद पॅकिंग लागतं, आणि बूच सुटलं तर अख्खी बॅग भिजते. खरेदी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर करता येते, सामानाच्या पट्ट्यांजवळ दुकानं आहेत. मुंबईहून ओझं न्यायची गरज नाही.

बाहेर पिण्याचा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण खरा घोळ तिथे होतो. मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसतात. त्यांचा अर्थ आधी १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. १६ डॉलरचा बिअरचा पाइंट बिलात १९.१८ होतो, जवळपास १,३४० रुपये. 'क्लार्क की' आणि 'बोट की' (Quay) या नदीकाठच्या भागांत १४ ते १८ हा बिअरचा नेहमीचा पट्टा आहे, कॉकटेल २० च्या पुढे. रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमधली सिंगापूर स्लिंग ३५ च्या वर जाते, कर वेगळे. ती तिथे जन्मली म्हणून प्यायची असेल तर दोघांत एक घ्या. सेवाशुल्क घेतलेलं असताना वर टिप देऊ नका, तिथे तशी रीतच नाही.

'लार्ज' मागू नका, तो शब्द तिथे चालत नाही. सिंगल साधारण ३० मिलिचा, ६० हवे असतील तर डबल म्हणायचं आणि पैसेही दुप्पट. सोडा किंवा टॉनिक वेगळं लावतात का, ते आधी विचारा. काही चिनी रेस्टॉरंटांत टेबलावर आपोआप आलेले शेंगदाणे आणि ओले टिश्यूही बिलात चढतात. नको असतील तर बसल्या बसल्या परत द्या. पाणी विचारलं की 'स्टिल की स्पार्कलिंग' असा प्रश्न येतो. दोन्ही विकतची. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, तेच मागा. काही ठिकाणी त्याचेही किरकोळ पैसे घेतात.

संध्याकाळी साधारण ५ ते ८ हॅपी अवर असतो. 'वन फॉर वन' म्हणजे एकावर एक, पण दोन्ही पेयं तीच घ्यावी लागतात आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकदम आणून ठेवतात. दोघांनी एकेक पाइंट घ्यायचा तर एकच जोडी मागवा, नाहीतर चार ग्लास समोर गरम होत बसतील. ७:५५ ला मागवलेलं ८ च्या आत बिलात चढलं का, तेही बघा.

माझं मत विचाराल तर हॉकर सेंटरला, म्हणजे एका छताखालच्या स्वस्त खाण्याच्या दुकानांना, तोड नाही. सेवाशुल्क नाही, ६३३ मिलिची टायगर बिअरची बाटली ८ डॉलरच्या आसपास, बादलीभर बर्फ टेबलावर येतो आणि चखण्याला समोरच साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजत असतात. लाउ पा सात हे हॉकर सेंटर त्यासाठी चांगलं, संध्याकाळी ७ नंतर शेजारचा रस्ता बंद करून तिथे सातेची दुकानं मांडतात.

तुमच्या १६ ड्रिंकचा हिशेब: सगळी नदीकाठी पूर्ण दराने घेतलीत तर ३०७ डॉलर, म्हणजे २१,५०० रुपये. त्याऐवजी एक संध्याकाळ हॅपी अवरला (चार पाइंट, पैसे दोनचे, ३८ डॉलर), एक हॉकर सेंटरला (तीन मोठ्या बाटल्या, २४) आणि दोन संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत करमुक्त बाटलीवर (बाटली ५० धरा) अशी काढलीत तर ११२ डॉलर. ८,००० रुपयांच्या आत.

मुक्काम लिटिल इंडियात आहे म्हणून वेळा नीट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१५ पासून सिंगापूरभर रात्री १०:३० ते सकाळी ७ दुकानातून मद्य विकत मिळत नाही आणि सार्वजनिक जागी पिताही येत नाही. लिटिल इंडियात डिसेंबर २०१३ मध्ये झालेल्या दंगलीनंतर हा कायदा आला आणि लिटिल इंडिया व गेलांग हे भाग अधिक कडक नियमांचे ठरवले गेले. तिथे शनिवारी सकाळी ७ पासून सोमवारी सकाळी ७ पर्यंत रस्त्यावर, बागेत, पदपथावर पिण्याला पूर्ण बंदी आहे आणि दुकानातली विक्री शनिवार-रविवारी संध्याकाळी ७ लाच थांबते. सार्वजनिक सुटीच्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळीही तसंच. मुस्तफा सेंटर रात्री उशिरा उघडं दिसलं तरी मद्याचा विभाग बंद असतो. पहिल्या गुन्ह्याला १,००० डॉलरपर्यंत दंड. परवाना असलेल्या रेस्टॉरंटात किंवा हॉटेलच्या खोलीत प्यायला या वेळा लागू नाहीत. मेट्रोत मात्र साधं पाणीही पिऊ नका, तिथे खाण्यापिण्याचा दंड ५०० पर्यंत आहे.

पैसे कार्डाने देताना यंत्रावर रुपये की सिंगापूर डॉलर असं विचारलं तर डॉलरच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

आणि बाटलीबरोबर सिगारेटचं पाकीट घेणार असाल तर थांबा. सिंगापुरात सिगारेटला करमाफी शून्य आहे, खिशातली एकसुद्धा दाखवून कर भरावा लागतो. खाण्याचा तंबाखू आणि गुटखा तर आणायलाच बंदी आहे, तेव्हा निघण्यापूर्वी पँटचे खिसे आणि पाऊच घरीच झटकून रिकामे करा.